अपडेट मारू का, मामा?

परवा रात्री साडेदहाला माजलगावहून भाच्याचा फोन आला. आवाज दबका. मला वाटलं, काहीतरी घोळ घातला पोरानं.

"मामा, ते अपडेट मागायलंय. मारू का?"

"कशाला मागायलंय?"

"स्विचला."

पोरानं दिवाळीत पुण्याहून जुना निन्टेंडो स्विच आणलाय. हातात धरून गेम खेळायचं यंत्र, टीव्हीलाही जोडता येतं. चौदा हजार पडले. सात त्याचे साठवलेले, सात ताईकडून हट्ट करून काढलेले. विकणाऱ्यानं सांगितलेलं, "हे मॉड होतंय, मॉड केलं की सगळे गेम फुकट." आता गेमचं एक कार्ड विकत आणून आत घातलं तर स्क्रीनवर पाटी आली की आधी सिस्टीम अपडेट करा. एक मित्र म्हणतो बिनधास्त मार. दुसरा म्हणतो मारलंस तर मॉड होणार नाही, चौदा हजार पाण्यात. पोरगं दोघांच्या मधे.

मी म्हणालो, "सध्या कशालाच हात लावू नको. वायफाय बंद कर. उद्या बोलू."

हे इथं का लिहायलोय? बीडमध्ये लिहायला विषय कमी आहेत का, असं म्हणणारे म्हणतील. पीकविमा आहे, रस्ते आहेत, रोज पेपरात येतं ते सगळं आहे. कबूल. पण पोराचा तो प्रश्न मला वाटतो तितका पोरकट नाही. पैसे देऊन घरात आणलेल्या वस्तूवर शेवटचा शब्द कुणाचा, असा तो प्रश्न आहे. आणि यात मी स्वतः एकदा चांगला हात पोळून घेतलाय.

२००७ सालची गोष्ट. मला एक जुना सोनी पीएसपी मिळाला होता. त्यातलं सॉफ्टवेअर १.५० व्हर्जनचं. तेव्हा मला व्हर्जन म्हणजे काय हेही धड कळत नव्हतं. ज्यानं दिला त्यानं एवढंच सांगितलं की याच्यावर बाहेरचे छोटे प्रोग्रॅम चालतात. त्यात 'बुकर' नावाचा एक प्रोग्रॅम होता, पीडीएफ वाचायचा. स्मार्टफोन कुणाच्या हातात नव्हते तेव्हा. मी स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका स्कॅन करून त्यात टाकल्या. लोडशेडिंगच्या काळात रात्री अंधारात त्या उजेडाच्या पाटीवर वाचायचो. पान उलटायला वेळ घ्यायचं, पण चालायचं. गेम खेळायच्या यंत्राचा मी अभ्यासाला वापर करायलोय याचा मला जरा माजही होता.

मग एका मित्राकडून गेमची डिस्क आणली. डिस्क घातली तर यंत्र म्हणालं, आधी अपडेट कर. त्या डिस्कवरच अपडेट भरून दिलेलं असायचं. मी 'हो' दाबलं. दहा मिनिटांत गेम सुरू झाला, आणि बुकर गेलं ते गेलंच. १.५० वर परत जायची वाट माझ्यासाठी बंद. सोनीनं पीएसपीच्या पुढच्या अपडेटमध्ये इंटरनेट ब्राउझरसारख्या चांगल्या गोष्टीही दिल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्याच पुडीत बाहेरचे प्रोग्रॅम चालण्याची वाट बुजवलेली होती, आणि ते पाटीवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. चूक माझीच, न विचारता दाबलं. तरी ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

भाच्याला दुसऱ्या दिवशी जे समजावलं ते इथं थोडक्यात लिहितो, कारण आपल्याकडं जुनी यंत्रं घेणारी पोरं वाढलीत आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

अपडेट ही बहुतेक वेळा एकाच बाजूनं उघडणारी फाटक असते. पुढं जाता येतं, मागं येता येत नाही. स्विचमध्ये तर कंपनीनं फारच पक्का बंदोबस्त केलाय. त्याच्या मुख्य चिपच्या आत बारीक बारीक फ्यूज आहेत. ठरावीक अपडेट झाली की त्यातला एक जळतो. यंत्र चालू होताना किती फ्यूज जळलेत ते मोजलं जातं. जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं तर हिशोब जुळत नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. घरातला फ्यूज उडाला तर आपण तार घालतो. हा फ्यूज चिपच्या पोटात आहे, तिथं तार घालणारा वायरमन अजून जन्मला नाही.

म्हणून मॉड करायचं डोक्यात असेल तर पहिला नियम: आधी व्हर्जन बघा, लिहून ठेवा, आपल्या मॉडेलचं काय होतं ते शोधा, आणि तोवर थांबा. थांबणाऱ्याला उद्याही अपडेट करता येतं. घाई करणाऱ्याला कालवर जाता येत नाही.

पण म्हणून "कधीच अपडेट करू नका" हाही शहाणपणा नाही. उत्तर यंत्रागणिक बदलतं. पीएसपीचंच बघा. माझ्या वेळी १.५० म्हणजे सोनं होतं. आज कुणाच्या कपाटात पीएसपी निघाला तर सोनीच्या शेवटच्या ६.६१ वर नेऊन मगच पुढचं काम करतात, कारण त्या शेवटच्या व्हर्जनसाठी सगळं तयार आहे आणि सोनी आता नवीन काही काढत नाही. त्याच्या धाकट्या भावाचं, व्हिटाचं, वेगळंच झालं. २०१६ च्या जुलैत ३.६० व्हर्जनचं कुलूप उघडलं आणि लगेच ऑगस्टमध्ये सोनीनं ३.६१ काढून ते बंद केलं. ज्यांनी त्या आठवड्यात नेहमीच्या सवयीनं 'हो' दाबलं ते जवळपास दोन वर्षं बसून राहिले. २०१८ मध्ये पुढच्या व्हर्जनची वाट सापडली तेव्हा कुठं सुटले. एकच प्रश्न, आणि वर्ष बदललं की उत्तर बदललं.

स्विचची कथा याहून मजेची. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याच्या एनव्हिडिया टेग्रा चिपमधली एक चूक जाहीर झाली. ही चूक कारखान्यातच चिपवर कोरलेल्या भागात होती, त्यामुळं कुठल्याही अपडेटनं ती बुजवता येत नाही. तोवर दीड कोटीहून जास्त यंत्रं विकली गेली होती. त्या पहिल्या यंत्रांचं अपडेट केलं तरी दार उघडंच राहतं. फक्त मॉडचं सॉफ्टवेअर त्या नव्या व्हर्जनला तयार झालंय का एवढं बघायचं, नाहीतर मधले काही दिवस यंत्र अडून बसतं. जाणती माणसं तर मूळ प्रणालीचा बॅकअप घेऊन एसडी कार्डावर तिची वेगळी प्रत चालवतात, मूळला हात लावत नाहीत. २०१८ च्या मध्यानंतर कंपनीनं कारखान्यातच दुरुस्ती केली, आणि २०१९ मध्ये जास्त बॅटरीचं मॉडेल आलं त्यात तर चिपच बदलली. या नंतरच्या यंत्रांना बाहेरून वेगळी चिप जोडावी लागते. मायक्रोस्कोपखाली केसाएवढ्या तारा डकवायच्या. सुभाष रोडला मोबाईलचं काम करणारे आपले कारागीर हातानं फार तरबेज आहेत, त्यांचा मला अभिमान आहे, पण त्यांच्यातल्याच एकानं मला स्पष्ट सांगितलं, "सर, मोबाईलचा आयसी बदलून देतो, हे काम मी नाही घेणार. बिघडलं तर बोर्ड भरून कुठून देऊ?" निन्टेंडो भारतात अधिकृतपणे हे यंत्र विकतच नाही. सगळा माल बाहेरून आलेला. म्हणजे बिघडलं की सर्व्हिस सेंटर नाही, वॉरंटी नाही, कुणाच्या नावानं बोंब मारणार?

आता 'फुकट गेम'बद्दल. विकणाऱ्यानं पोराला हेच गाजर दाखवलं होतं, त्यामुळं त्याच्याशी स्पष्ट बोललो. आपलं यंत्र उघडणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मेहनतीचा गेम चोरणं वेगळं. आपला कायदाही हा फरक करतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम घातलं गेलं. चोरीच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर ते या कलमात बसत नाही. आणि गंमत बघा, अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव-पत्ता लिहून पूर्ण नोंद ठेवायची, असंही त्यातच आहे. पोरांना मॉड करून देणाऱ्या किती दुकानात अशी वही असेल?

अमेरिकेत कायदा याहून कडक आहे. स्विचची मॉड यंत्रणा विकणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझर नावाच्या माणसाला २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. त्यानं धंदा केला होता, घरात बसून खेळणाऱ्या पोराची ती गत होत नाही. पण पोराचं यंत्र कंपनी ऑनलाइनमधून कायमचं बाद करू शकते, आणि करते. २०२५ च्या मे महिन्यात निन्टेंडोनं करारात असं घातलं की अटी मोडल्या तर यंत्र कायमचं निकामीही करू शकतो. जूनमध्ये स्विच २ आला आणि नकली कार्ड वापरणाऱ्यांची यंत्रं ऑनलाइनमधून बाद झाल्याच्या बातम्या लागलीच आल्या. बंदी यंत्रावर बसते, माणसावर नाही. म्हणजे एकानं उद्योग करायचा, यंत्र विकून मोकळं व्हायचं आणि चौदा हजार देऊन भोगायचं माजलगावच्या पोरानं. जुनं यंत्र घेत असाल तर पैसे मोजायच्या आधी विकणाऱ्यासमोरच वायफायला जोडा, कंपनीचं ऑनलाइन दुकान उघडून बघा. उघडलं नाही तर हात जोडा आणि निघा.

हे झालं खेळण्याच्या यंत्राचं. पण 'हो' दाबायला लावणारी पाटी आता खेळण्यापुरती राहिलेली नाही, म्हणून तर हे सगळं लिहितोय.

आपल्या अंगणवाडी ताईंचं आठवतं का? २०१९ मध्ये पोषण अभियानात त्यांना सरकारी स्मार्टफोन दिले. दोन जीबी रॅमचे. २०२१ मध्ये जुनं ॲप गेलं आणि 'पोषण ट्रॅकर' आलं. फोन तेच, ॲप जड. फोन तापायला लागले, अडकायला लागले, आणि वरून ॲप इंग्रजीत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच गळ्यात पडत असल्याच्या तक्रारी होत्या. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. या फोनला हे झेपंल का, असं वापरणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का? भाचा निदान फोन करून मामाला विचारू शकला.

ट्रॅक्टरचंही तेच येऊ घातलंय. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर अजून पान्यानं उघडतात, ते नशीब. अमेरिकेत जॉन डिअरच्या मोठ्या यंत्रांची दुरुस्ती शेतकऱ्याला स्वतः करता येईना, कारण कुलूप सॉफ्टवेअरचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'सिक कोड्स' या टोपणनावाच्या एका हॅकरनं लास व्हेगासला भरसभेत डिअरच्या स्क्रीनचं कुलूप उघडून दाखवलं आणि त्यावर 'डूम' हा जुना गेम चालवला, तोही शेताच्या रूपातला. लोक हसले. पण मुद्दा हसण्याचा नव्हता. जॉन डिअरचा कारखाना आपल्या शेजारी पुण्याला सणसवाडीतच आहे, ती स्क्रीन आपल्या बांधावर यायला फार वर्षं लागणार नाहीत.

कंपन्या नुसतं नवीन देतात असं नाही, दिलेलं काढूनही घेतात. सोनीनं प्लेस्टेशन ३ विकताना सांगितलं होतं की याच्यावर लिनक्स टाकता येतं. अमेरिकेच्या हवाई दलानं १,७६० प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभा केला होता, गंमत नाही. १ एप्रिल २०१० ला एका अपडेटनं सोनीनं ती सोय काढून टाकली. अपडेट नको म्हणाल तर ऑनलाइन बंद. 'हो' म्हणा किंवा 'हो' म्हणा. अमेरिकेतल्या ग्राहकांनी दावा लावला आणि २०१८ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरवर तडजोड झाली. आठ वर्षं लागली, पण झाली.

आपल्याकडं काही होत नाही असंही नाही. स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत म्हणून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली, आणि त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं. २०२५ मध्ये मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे गुण देण्याबाबतचा अहवालही सरकारला मिळाला. वस्तू घेतानाच खोक्यावर दिसावं की ही किती दुरुस्त होते. चांगलंच आहे. पण माझं म्हणणं आहे की दुरुस्ती म्हणजे नुसता पाना आणि सुटे भाग नाही. ज्या वस्तूचं सॉफ्टवेअर कंपनी रात्रीतून बदलू शकते आणि मला मागं जाता येत नाही, ती वस्तू दुरुस्तीयोग्य कशी? त्या गुणांमध्ये हे धरलं पाहिजे. अपडेटमुळं काय जाणार आहे ते 'हो' दाबायच्या आधी मराठीत लिहिलेलं पाहिजे. निदान मागच्या एका व्हर्जनवर जाता आलं पाहिजे. आणि कंपनीनं एखाद्या यंत्राला सेवा देणं थांबवलं की त्याचं कुलूप तिनंच काढून द्यावं, मग त्यावर कुणी प्रश्नपत्रिका वाचो नाहीतर विटीदांडू खेळो. (विटीदांडूचा गेम खरंच होता. 'देसी अड्डा', २००९, सोनीनंच भारतासाठी काढलेला, पीएसपीवर.)

निन्टेंडोच्या त्या कराराला ब्राझीलच्या साओ पावलोमधल्या ग्राहक संरक्षण संस्थेनं हरकत घेतली. आपल्याकडं १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे आणि बीडला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. अपडेटनंतर फोन मंदावला, एखादी सोय गेली, तर आपण दुकानदाराशी भांडतो आणि नवा फोन घेतो. तक्रार कुणी करत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जानेवारी २०२५ मध्ये आयफोनच्या अपडेटनंतरच्या तक्रारींवरून ॲपलला नोटीस काढली होती. कुणीतरी तक्रार केली म्हणूनच ना?

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल सरांनी अपडेट करू नका म्हणून लिहिलं. ज्या फोनवर तुमचं फोन-पे आहे, बँक आहे, त्याचं सुरक्षेचं अपडेट आलं की करा. तिथं थांबण्यात शहाणपणा नाही, तिथं चोर टपलेत. खेळण्याचं यंत्र थांबू शकतं, खात्यातला पैसा थांबत नाही.

आता भाच्याचं. दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र उलटं करून सिरीयल नंबरचा आणि मॉडेलचा फोटो पाठवला. बघितलं तर २०१९ नंतरचं, जास्त बॅटरीवालं. म्हणजे चिप डकवल्याशिवाय ते उघडणारच नाही, अपडेट केलं काय आणि नाही केलं काय. विकणाऱ्यानं 'मॉड होतंय' म्हणून सांगितलं ते अर्धंच सांगितलं होतं. मी त्याला हे सगळं समजावलं. पोरगं जरा हिरमुसलं. मग म्हणाला, "म्हणजे मग इतकं सगळं विचारून काय उपयोग झाला, मामा?"

मी म्हणालो, "तुला आता माहितीय की तू काय दाबतोयस. तुझ्या वयात मला माहीत नव्हतं."

थोडा वेळ गप्प. मग, "पण कार्ड तर मी पैसे देऊनच आणलंय ना. मग मारू का?"

"मार. आधी आत्ताचं व्हर्जन वहीत लिही."

"लिहिलंय. पण इथं लाईट गेलीय. आली की चार्जिंगला लावून मारतो."